उशिरा निघालेलं वऱ्हाड

लातूरच्या बसस्थानकात अंबाजोगाईच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी त्या घटकेला इंग्लंडातल्या माल्व्हर्न डोंगराच्या शिखराहून उंच जागी उभा असतो. हे त्याला कोणी सांगत नाही आणि सांगितलं तरी त्याची गाडी लवकर लागत नाही. माल्व्हर्नचं सर्वांत उंच टोक ४२५ मीटरचं. कॉट्सवोल्ड्सचा क्लीव्ह हिल तर ३३० मीटरवरच दम सोडतो. लातूर जिल्ह्याची नुसती सपाट जमीन याहून वर आहे, कारण अख्खा जिल्हाच बालाघाटाच्या पठारावर बसलेला. तरी माल्व्हर्न चढायला लोक वेगळे बूट घेतात, काठ्या घेतात, थर्मासात चहा भरतात आणि वर पोचल्यावर दगडावर बसून धन्य होतात. लातूरकर त्याहून उंचावर उभा राहून फक्त चौकशीच्या खिडकीकडे बघतो.

टेकड्या तुडवायच्या, वाटेतलं प्रत्येक जुनं चर्च आतून-बाहेरून न्याहाळायचं आणि तिथल्या भुताखेतांच्या गोष्टी वहीत उतरवून घ्यायच्या, हा इंग्रज माणसाचा जुना छंद आहे. या छंदाची त्यांनी पुरती बडदास्त ठेवली आहे. लाइपझिशमध्ये जन्मलेल्या निकोलस पेव्ह्‌स्नर नावाच्या गृहस्थाने १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडच्या इमारतींवर परगण्यांप्रमाणे ४६ खंड काढले. सायमन जेंकिन्स यांनी १९९९ मध्ये हजार उत्तम चर्चची यादी छापली आणि हॉटेलांना देतात तसे चर्चना तारे दिले. देवाच्या घराला दोनच तारे मिळाल्याचं दुःख कसं गिळायचं, हे त्या त्या गावच्या पाद्र्याने ठरवायचं.

लातूर जिल्ह्यात रेणापूरच्या आसपासही हा छंद करता येतो. सामग्री तर जास्तच आहे. रेणा नदी आहे, ती पुढे मांजरेला मिळते. बालाघाटाचे उतार आहेत, सीताफळी आहेत, हजार वर्षांच्या घरातली देवळं आहेत, आणि प्रत्येक उंचवट्यावर कोणी ना कोणी देव बसलेला आहे. नाही तो तारे देणारा. बाहेरच्या माणसाला रेणापूर माहीत असलं तर ते गोपीनाथ मुंडे यांचा जुना मतदारसंघ म्हणून.

अडचण दुसरीच आहे. इंग्लंडच्या खेड्यात अनोळखी माणूस चर्चच्या भिंतीकडे मान वर करून पाच मिनिटं उभा राहिला, तर एखादी आजीबाई येऊन आतली बाप्तिस्म्याची कुंडी पाहिलीत का म्हणून विचारते. इकडच्या गावात देवळाच्या भिंतीकडे पाच मिनिटं पाहिलं की पारावरून हाक येते, "कुठले म्हणायचे पाव्हणे? काय बघूलालाव?" मूर्ती बघतोय, हे उत्तर कोणी गंभीरपणे घेत नाही. पारावर तोवर तीन तर्क तयार झालेले असतात. पहिला, हा जमीन घ्यायला आलाय. दुसरा, हा गुप्तधनवाला आहे, रात्री पुन्हा येणार. तिसरा तर्क अलीकडचा आणि सर्वांत घातक: शक्तिपीठ महामार्गाची चर्चा सुरू झाल्यापासून हातात कागद घेतलेला कोणीही माणूस मोजणीवाला ठरू शकतो. नकाशा उघडायचा तर तो घडी घालून, पंचांग असल्यासारखा उघडावा.

या साऱ्या मुलखाची राणीकथा आहे अंबाजोगाईची. रेणापूरहून गाडी तिकडेच जाते. योगेश्वरी देवी मूळची कोकणातली. आजही कोकणातल्या कितीतरी चित्पावन घराण्यांची ती कुलदेवता आहे. तिचं लग्न ठरलं परळीच्या वैजनाथाशी. स्थळात खोट काढायला जागा नव्हती. पण घाट चढून, अख्खा देश ओलांडून वऱ्हाड न्यायचं होतं. वऱ्हाड निघालं आणि अंबाजोगाईपर्यंत आलं. परळी राहिली पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तेवढ्यात कोंबडा आरवला, मुहूर्त टळला आणि अख्खं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. देवी तिथेच राहिली, कुमारिका. वैजनाथ परळीत राहिले. पुरावा पाहिजे असेल तर अंबाजोगाईतला जोगाई मंडप पाहावा. त्याला लोक हत्तीखाना म्हणतात, कारण लेण्याच्या अंगणात दगडी हत्ती उभे आहेत. वऱ्हाडातले हत्ती ते हेच.

कथेत दोष कोणाचा हे सांगितलेलं नाही, आणि हा कथाकाराचा शहाणपणा आहे. कोकणातून उशिरा निघाले की अंबाजोगाईत चहाला रेंगाळले, मानपानावरून वाटेत कोणी रुसून बसलं की काय, यावर दोन्ही पक्षांची मतं आजही वेगळी असणार. एवढं मात्र खरं, की मुहूर्त टळल्याबद्दल दगड व्हायची शिक्षा पुढे बंद झाली हे फार बरं झालं. ती चालू असती तर लातूर-नांदेडच्या एकाही मंगल कार्यालयात जिवंत माणूस उरला नसता. सगळी लेणीच. बारा पस्तीसच्या मुहूर्तावर दोन वाजता अक्षता पडतात आणि तोवर स्टेजवर आमदारांचं भाषण चालू असतं.

आता इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातलं स्टँटन ड्रू हे गाव घ्या. तिथे शेतात प्रचंड दगडांची रिंगणं आहेत, पैकी मोठं रिंगण त्या देशात एव्हबरीखालोखाल दुसरं. हेही लग्नच. शनिवारी वरात नाचत होती. मध्यरात्र झाली तसा वाजंत्री फिडल खाली ठेवून म्हणाला, आता रविवार लागला, मी वाजवणार नाही. नवरी हट्टाला पेटली. वाजवणारा नरकातून आणावा लागला तरी चालेल, पण नाच थांबणार नाही, असं म्हणाली. लगेच एक म्हातारा हजर झाला आणि असा वाजवत सुटला की कोणाचे पायच थांबेनात. उजाडलं तेव्हा सगळे दगड. वाजवणारा अर्थातच सैतान होता. नवरा, नवरी आणि पिऊन झिंगलेला पाद्री असे तीन दगड बाजूला आहेत, आणि ते उभे आहेत गावातल्या पबच्या बागेत. पाद्र्याची सोय झाली म्हणायची.

पुरातत्त्ववाल्यांचं म्हणणं असं की हे दगड चार हजार वर्षांहून जुने आहेत, म्हणजे रविवारची सुट्टी त्या देशात पोचायच्या कितीतरी आधीचे. हत्तीखान्यावरही छिन्नीच्या खुणा आहेत आणि ते रीतसर कोरलेलं शिवलेणं आहे. याचा दोन्ही गावांवर काही परिणाम झालेला नाही. होऊही नये. फरक दिसतो तो देवांच्या स्वभावात. तिकडचा देव साप्ताहिक सुट्टीबाबत कडक आहे, इकडचा पंचांगाबाबत. जेवणावळीत किती वाया गेलं याबद्दल मात्र दोघांनीही कोणाला दगड केल्याचं ऐकिवात नाही.

रेणापूरची स्वतःची चीज म्हणजे रेणुकादेवीच्या मंदिरातली दीपमाळ. ती हलती दीपमाळ म्हणून प्रसिद्ध आहे. दगडी दीपमाळ, आणि हलते. देवळासमोर दीपमाळ गावोगाव असते. कार्तिकात तिच्यावर दिवे लागतात, एरवी तिच्या सावलीत कोणीतरी झोपलेलं असतं. पण डुलणारी दीपमाळ म्हटल्यावर गावाची मान ताठ होते. खानदेशात फरकांड्याचे झुलते मनोरे आहेत, अहमदाबादेतले तर जगभर ठाऊक, पण त्यांच्या शेजारी आपली दीपमाळ ठेवायला रेणापूरकर मागेपुढे पाहणार नाही. कारण विचारलं तर कोणी पायातल्या दगडांची युक्ती सांगतं, कोणी देवीची इच्छा. दुसऱ्या कारणाला स्थापत्यशास्त्र लागत नाही, म्हणून ते जास्त चालतं.

इंग्लंडने याच प्रकारचं भांडवल कसं करावं याचा धडाच घालून दिला आहे. डार्बिशरच्या डोंगरांलगत चेस्टरफील्ड नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चचा उंच कळस पिळलेल्या धुण्यासारखा वळला आहे आणि वर नऊ फूट झुकलाही आहे. कथा म्हणाल तर पोतंभर. बोल्सोव्हरच्या लोहाराने सैतानाला नाल ठोकताना खिळा पायात घातला, तो कळवळून उडाला आणि जाताना कळसाला लाथ बसली, ही एक. दुसरी गावकरी स्वतःच डोळा मारून सांगतात: एकदा खरोखरची कुमारी नवरी लग्नाला आली, ते पाहायला कळस वळला, पुन्हा अशी आली की सरळ होईल. सुतारांचं मत रुक्ष आहे. ओलं लाकूड वापरलं आणि त्यावर शिशाचे जड पत्रे चढवले, मग काय होणार. गावाने सुतारांचं ऐकून घेतलं आणि फुटबॉल संघाला कळसावरून टोपणनाव दिलं. रेणापूरचा कबड्डीचा संघ अजून दीपमाळेच्या नावाने मैदानात उतरलेला नाही.

हलण्याचं कौतुक लातूर जिल्ह्यात करावं, याला एक जिगर लागते हेही नोंदवलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली आणि दगड-मातीच्या घरांनी हजारो माणसं गिळली. त्यानंतर कितीतरी दिवस या भागातले लोक धडधाकट घरं सोडून अंगणात झोपत. अशा जिल्ह्यात एक दगडी खांब हलतो याचा अभिमान बाळगणं ही साधी श्रद्धा नव्हे.

हलण्याच्या पुढची पायरी म्हणजे फिरणं. औंढा नागनाथला संत नामदेवांच्या कीर्तनाला हरकत घेतली गेली, ते देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. घाईत नंदी मागे राहिला तो राहिलाच, आजही मागेच आहे. डेव्हनमधल्या ब्रेंटॉरच्या माथ्यावरचं चर्चही जागचं हललेलं म्हणतात. दिवसा रचलेले दगड सैतान रात्री दुसरीकडे नेऊन टाकी. पण तिथे दगड वाहायला सैतानाला राबावं लागलं. औंढ्यात वाहतुकीचा खर्च शून्य.

रेणापूर तालुक्यातलंच पानगाव हे या भटकंतीतलं सर्वांत भरगच्च ठिकाण. ६ डिसेंबरला इथे माणसांचा पूर लोटतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी असलेल्या चैत्यभूमीसाठी. उरलेल्या दिवसांत गावातलं जुनं विठ्ठल मंदिर पाहायला निवांत सवड मिळते. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी उभ्या आहेत. जवळच्या धर्मापुरीच्या केदारेश्वरावरही त्या आहेत, आणि नांदेड जिल्ह्यात होट्टलला तर त्यांचा मेळाच. देगलूरकडचेच डॉ. गो. बं. देगलूरकर यांनी हयात या मूर्तींच्या अभ्यासात घातली, म्हणून आज आरशात बघणारी दर्पणा, पत्र लिहिणारी पत्रलेखा, वस्त्र ओढणाऱ्या माकडाला हाकलणारी मर्कटा, अशा त्यांच्या ओळखी पटतात. गावातल्या पोरांना यांतली मर्कटा लगेच समजते. माकडांचा त्रास अजून चालू आहे.

आत विटेवर सावळा विठ्ठल, डोळे मिटून उभी राहिलेली माणसं; आणि बाहेर हा थाट. हे इथेच होतं असं नाही. हेरफर्डशरच्या टेकड्यांत किल्पेकचं छोटंसं चर्च आहे, साधारण ११४० सालचं. छपराखाली कोरीव मुंडकी आहेत: कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, विचित्र जनावरं, आणि एक बाई अशा अवस्थेत की शाळेची सहल तिथून जरा घाईने पुढे न्यावी लागते. पानगावच्या आसपासची ही देवळं चालुक्य-यादवांच्या काळातली. म्हणजे जवळपास त्याच शतकांत दोन खंडांतले पाथरवट, एकमेकांची वार्ता नसताना, धर्माच्या भिंतीवर आपापल्या मनातलं कोरत होते आणि पैसे देणारे यजमान बहुधा आतल्या बाजूला हिशेब बघत होते.

देऊळ कोणी बांधलं हे मात्र पारावर विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं: हेमाडपंताने. आग्रह धरला तर पांडवांनी, एका रात्रीत. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. मराठवाड्यातली कितीतरी देवळं त्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधीची आहेत. जन्माआधीच एवढी कामं पुरी करणारा कंत्राटदार पुन्हा झाला नाही. जन्मभर एक पूल न संपवणारे मात्र बरेच झाले. लोककथेत याचा खुलासाही आहे. हेमाडपंताने लंकेत विभीषणाला औषध देऊन बरं केलं आणि मोबदल्यात राक्षस मागून आणले, त्यांनी ही देवळं रचली. मजुरांची टंचाई तेव्हाही असावी.

इतकी शतकं टिकलेल्या या भिंतींची खरी गाठ पडली ती ऑइल पेंटशी. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे रंग, आणि रंग म्हणजे लोणी किंवा आकाशी, हे समीकरण गावोगाव पक्कं आहे. आठशे वर्षं आरशात बघणाऱ्या दर्पणेला अचानक लिपस्टिक लागते आणि खाली देणगीदाराचं नाव येतं. इंग्रजांनीही हेच केलं होतं. धर्मसुधारणेच्या काळात चर्चमधली भित्तिचित्रं चुन्याखाली गाडली. पण चुना खरवडता येतो, आणि त्याखाली चित्रं शाबूत सापडली. ऑइल पेंट काढायला रसायनवाले बोलवावे लागतात, आणि ते येईस्तोवर पुढची यात्रा येते, नवा देणगीदार येतो आणि नवा डबा उघडतो.

डोंगर कसे झाले याबाबत दोन्हीकडचं भूगर्भशास्त्र सारखंच आहे: कोणाच्या तरी हातून सांडले. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथला एक टेकडी आहे, संजीवनी बेट. द्रोणागिरी घेऊन जाताना मारुतीच्या हातून तुकडा पडला तो हाच. म्हणून तिथे औषधी वनस्पती उगवतात आणि पावसाळ्याच्या शेवटी उत्तरा नक्षत्र लागलं की दुरून दुरून दुखणाईत लोक येतात. वैद्य नाही, फी नाही, पाला ओळखणारा सोबत असला म्हणजे झालं. मारुतीच्या हातून सांडलेले तुकडे देशभर इतके आहेत की लंकेत काय पोचलं असेल याची काळजी वाटते.

श्रॉपशरची रेकिन टेकडी अशीच सांडलेली, पण तिथला प्रकार निराळा. एका राक्षसाला श्रूझबरी गाव बुडवायचं होतं. नदी अडवायला फावडंभर माती घेऊन तो निघाला आणि रस्ता चुकला. वाटेत एक चांभार भेटला, पाठीवर दुरुस्तीला आणलेल्या फाटक्या जोड्यांचं पोतं. राक्षसाने विचारलं, श्रूझबरी किती लांब? चांभाराने पोतं उपडं केलं आणि म्हणाला, तिथून निघालोय तेव्हापासून एवढे जोडे झिजले. राक्षसाने कंटाळून माती तिथेच टाकली. तीच रेकिन, आणि बुटाची खरवडलेली माती म्हणजे शेजारची छोटी टेकडी. लातूर बुडवायला कोणी राक्षस निघाला असता तर चांभाराची गरज पडली नसती. त्याने मांजरेचं पात्र पाहिलं असतं आणि बुडवायला पाणी कुठून आणू म्हणत घरी गेला असता. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावं लागलं. माल्व्हर्नच्या झऱ्यांचं पाणी बाटलीत भरून राणीसाठी जायचं, लातूरचं पाणी वाघिणीत भरून लातूरकरांसाठी यायचं.

जून १९२१ मध्ये आल्फ्रेड वॉटकिन्स या हेरफर्डच्या हौशी छायाचित्रकाराला नकाशा बघता बघता साक्षात्कार झाला, की जुनी चर्च, टेकड्यांची टोकं आणि उभे दगड सरळ रेषांत येतात. १९२५ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून तिकडे हजारो लोक पट्टी-पेन्सिल घेऊन नकाशे खराब करत आहेत. शंका घेणारे म्हणाले, एवढ्या ठिकाणांत कुठेही रेष ओढली तरी चार-पाच सापडणारच. वॉटकिन्सने लातूर जिल्ह्याचा नकाशा घेतला असता तर त्याचा छंद दुपारच्या आत संपला असता. इथे मारुती, म्हसोबा, महादेव आणि एखादा पीर चुकवून रेष ओढून दाखवा, हेच खरं आव्हान आहे.

त्याच्या आधी एक गोरा मात्र या भागात खरोखर फिरला. जेम्स बर्जेस, स्कॉटलंडचा. १८७५-७६ च्या हंगामात तो निजामाच्या बीदर-औरंगाबाद मुलखात लेणी मोजत होता, आणि १८७८ च्या अहवालात औसा तालुक्यातली खरोशाची लेणीही आली. जांभ्या दगडाची टेकडी आणि त्यात कोरलेल्या खोल्या, आणि माथ्यावर रेणुकादेवी. बर्जेसला पारावरून काय विचारलं गेलं असेल याची नोंद अहवालात नाही. गुप्तधनाचा तर्क तेव्हाही झाला असणार. साहेब फीत लावून लेणं मोजतोय आणि काहीच उचलून नेत नाही, हे पाहून तर तो पक्काच झाला असेल.

राहिला चावीचा मुद्दा. इंग्लंडच्या आडगावातल्या बंद चर्चच्या दारावर चिठ्ठी असते: चावी अमक्या घरी मिळेल. त्या घरचे लोक सुट्टीवर गेलेले असतात. इकडे चिठ्ठी नसते, पण माहिती सगळ्यांना असते. गाभाऱ्याची चावी गुरवाकडे, गुरव सोयाबीन काढायला रानात, फोन घरी चार्जिंगला. पारावरची मंडळी एका पोराला मोटारसायकलवर पिटाळतात. पाव्हणा खरंच मूर्तीच बघायला आलाय हे एव्हाना पटलेलं असतं, त्यामुळे चहा होतो, कोणाची पोरगी पुण्याला कुठे कामाला आहे ते कळतं, महामार्गात किती जमीन जाणार यावर दोन तट पडतात. तासाभराने गुरव हातपाय धुऊन येतो, कुलूप काढतो, आणि पाव्हण्याची आवड पाहून सांगतो की ओढ्यापलीकडच्या शिवारात याहून जुनं एक देऊळ आहे. त्याची चावी कोणाकडे असते? त्याला दारच नाही म्हणे, आणि छपरावर बाभळ उगवली आहे. पण हेमाडपंतानेच बांधलंय, यात शंका नाही.